दोन हात, चार बोटं

धाकू,

तुझं तेरावं झालं, पाहुणे आपापल्या गावांना गेले आणि पऱ्याच्या पात्रात पुन्हा दगड फोडायचा आवाज सुरू झाला. खालच्या वाडीत, पोलादपूरच्या रस्त्याला लागून असलेल्या माझ्या दुकानात बसलं की तो आवाज संध्याकाळपर्यंत ऐकू येतो. घण पडतो, लोक एकमेकांना हाका मारतात, कोणीतरी हसतं. तुझ्या शिव्या तेवढ्या ऐकू येत नाहीत.

तू गेलास हे अजून माझ्या डोक्यात शिरत नाही. ना ताप, ना पडसं. शिमग्यात पालखी खांद्यावर घेऊन नाचलास आणि पुढच्याच आठवड्यात एका दुपारी भाकरी खाऊन पडवीत आडवा झालास. जनीवहिनी चहाला उठवायला आल्या तर तू नव्हतासच. जाताना सांगून जायची तुझी रीत कधी नव्हती म्हणा. माझ्या दुकानातूनही तू असाच उठायचास, बोलणं अर्धं टाकून.

तेराव्याला सगळे तुझ्याविषयी फार चांगलं बोलले. धाकू देवमाणूस होता, धाकू कोणाला उणं बोलला नाही. मी सुपारी चघळत ऐकत होतो. कोणाला उणं बोलला नाही म्हणे! माझ्या चहाला तू इतकी वर्षं म्हशीच्या आंघोळीचं पाणी म्हणत आलास आणि रोज दोन कप प्यायलास. तू हट्टी होतास, तोंडाळ होतास, आणि माझा मित्र होतास. आणि मी तुझ्याशी एकदा खोटं बोललो. आज लिहायला बसलोय ते त्याबद्दलच.

पण सुरुवात त्याच्या आधीपासून करायला हवी, नाहीतर मी स्वतःला फार लवकर माफ करून टाकीन.

शाळा खालच्या वाडीत आणि तू वरच्या वाडीतला. उन्हाळ्यात एका ढांगेत ओलांडावा असा आपला पऱ्या, आषाढ लागला की दोन वाड्यांची दोन गावं करून टाकायचा. पावसाळाभर तू शाळेत यायचाच नाहीस. दसऱ्याच्या सुमाराला यायचास तेव्हा मास्तर पुस्तकात कुठच्या कुठे गेलेले असायचे. चौथीत तुझं नाव पटावरून कमी झालं. मी सातवी पास झालो, गावातला शिकलेला माणूस झालो, आणि तू नांगर धरलास. तू माझ्यापेक्षा हुशार होतास हे मी तुला कधी म्हटलं नाही. आता म्हणतो.

साधे खेकडे धरायचे तर तिथेही तूच. काठच्या बिळात हात घातला की माझी बोटं जेमतेम नांगीपर्यंत पोचायची आणि नांगीच मला धरायची. तू कोपराच्या वर हात घालून खेकडा पाठीकडून अलगद उचलायचास. मग आपण कोपराला कोपर लावून हात मोजले होते. तुझा दोन बोटं लांब निघाला. मी म्हणालो, तुझी नखं वाढलीत. तू तिथल्या तिथे दातांनी नखं कुरतडलीस आणि पुन्हा हात पुढे केलास. तरी दोन बोटं लांबच.

आता त्या श्रावणाचं. तुझ्यासमोर मी तो दिवस कधी काढला नाही, पण तो टाळून पुढे जाता येत नाही.

दोन दिवस पावसाने उसंत दिली नव्हती. वहिनींना कळा लागल्या आणि तू वरच्या काठावरून मला हाका घातल्यास. मी भागी सुईणीला घेऊन धावत खालच्या काठाला आलो आणि तिथेच थांबलो, कारण पुढे पाऊल टाकायला जागाच नव्हती. पऱ्या ओलांडायला बांबूचा साकव आपण दर वर्षी घालायचो आणि दर वर्षी तो वाहून जायचा, तसा त्याही वर्षी आधीच गेला होता. भागीमावशी काठावरून ओरडत होती, "जोर नको करू म्हनावं गो इतक्यात! डाव्या कुशीवर घ्या तिला, डाव्या!" तुझी चुलती पलीकडे कान देऊन ऐकायची आणि घराकडे पळायची. पाण्याच्या आवाजात अर्धं पोचत होतं, अर्धं वाटेतच बुडत होतं. संध्याकाळी चुलती पुन्हा काठाला आली आणि काही न ओरडता तिने नुसता हात हलवला. वहिनी वाचल्या होत्या. पोर गेलं होतं.

भागीमावशी चिखलात खाली बसली. आपले दोन्ही हात माझ्यापुढे धरून म्हणाली, "हे बघ, हितंच हायत रे अंत्या. माजे हात हितंच ऱ्हायले."

आम्ही उभे होतो ते जांभळीच्या झाडाखाली. पाणी तिच्या मुळांवरून चाललं होतं आणि माझे पाय घोट्यापर्यंत त्यात होते. हे मी कधीही विसरलो नाही.

पाणी उतरल्यावर तू दुकानात आलास. चहा मागितला नाहीस. "साकव बांधायचा. दगडी खांबांचा," एवढंच म्हणालास. मी म्हटलं, "अर्धे बाप्ये मुंबईला गिरणीत, उरलेले शेतात. दगड कोण आणणार? गावाला वेड लागायला हवं." तू म्हणालास, "लागंल की. तू वरच्या वाडीला लाव, मी खालच्या वाडीला लावतो." दोघांनी आपापली वाडी सोडून दुसऱ्याच्या वाडीत जायचं, ही तुझी युक्ती. आपल्या माणसाचं कोणी ऐकत नाही, हे तुला तेव्हाच कळलं होतं. महिनाभर आपण घरोघर फिरलो आणि गावाला खरोखर वेड लागलं.

महाडचे इस्माईलचाचा गवंडी तूच आणलेस. आंबेनळीच्या रस्त्याच्या मोऱ्या बांधता बांधता म्हातारा झालेला माणूस. त्यांनी सांगितलं, लाकूड आधी काढून ठेवा, वर्षभर मुरू द्या, खांबांचं मागाहून बघू. घरटी दोन फळ्या, ऐनाच्या, चार हात लांब. कोणीतरी विचारलं, "कोणाच्या हातानं?" आणि मी, गावातला शिकलेला माणूस, ऐटीत म्हणालो, "ज्याच्या त्याच्या घरकर्त्याच्या." गावकीत सगळं घरकर्त्याच्या नावाने चालतं, म्हटलं प्रत्येकाचा मान राहील.

माघात फळ्या देवळापुढे आल्या तेव्हा तू पायरीवर बसून पोट धरून हसत होतास. एक फळी दुसरीला लागेल तर शपथ. कोंडूतात्यांचा ताडमाड देह, त्यांची फळी खाटेएवढी. ज्यांचे नवरे मुंबईला, त्या बायकांनी घरातल्या थोरल्या माणसाचा हात मोजला होता, आणि थोरलं माणूस म्हणजे बहुतेक घरी म्हातारी सासू. एकीने तर सासूचा वाकलेला हात सरळ होईना म्हणून वाकलेलाच मोजला होता. इस्माईलचाचांनी फळ्या ओळीने मांडल्या आणि डोक्याला हात लावला. "अरे बाबांनो, ह्यो साकव हाय का दात पडलेल्या पोराचं तोंड?"

पुढे काय झालं ते तू विसरला नसशील. कोणाचा हात धरायचा यावर दोन दिवस भांडण. मानकरी म्हणाले आमचा मान, वरची वाडी म्हणाली मान पालखीपुरता. शेवटी तू उठलास. "ज्याचा हात सगळ्यांत लांब त्याचा धरा. फळी लांब झाली तर कापता येतंय. आखूड झाली तर काय चावून लांब करनार?" देवळाच्या पायरीवर सगळ्या बाप्यांनी ओळीने कोपर टेकवलं. कोंडूतात्यांनी तर बंडीची बाही खांद्यापर्यंत वर केली. तरी तुझाच हात लांब निघाला. मी मनात म्हटलं, मला कधीच ठाऊक होतं.

चाचांनी तुझ्या हाताबरहुकूम ऐनाची काठी कापली, मधल्या बोटाच्या टोकाशी अगदी नेमकी. आखूड फळ्या बदलून तिच्या मापाच्या आल्या. काठी देवळात भिंतीला टेकवून ठेवली आणि त्या दिवसापासून गावात दुसरं माप उरलं नाही. दाराची चौकट त्या काठीने, विहिरीचा दोर त्या काठीने, शाळेचं नवं बाक त्या काठीने. ब्लॉकातून ओव्हरसियर मीटरची नवी टेप घेऊन आले होते, तेव्हा तू काठी त्यांच्यापुढे धरून म्हणालास, "सायेब, ह्यात सांगा." ते बिचारे कागदावर आकडेमोड करीत राहिले.

मला तुझा अभिमान वाटत होता. आणि मत्सरही वाटत होता. दोन्ही एकाच वेळी वाटतं, धाकू, तू मला शिकवू नकोस.

या पौषात तिन्ही खांब सात हातांवर आले. दोन हिवाळे लोकांनी खांद्यावरून दगड वाहिले होते. माझ्या खांद्याला गळू झालं होतं. सगळ्यांना वाटलं, झालं आता, माथ्याचे सपाट दगड बसवायचे, तुळया टाकायच्या आणि मोकळं व्हायचं. आणि तू म्हणालास, "अजून दोन हात चढवू."

केवढा गलका झाला! तू सगळ्यांना बोलू दिलंस. मग माझ्याकडे वळलास. "अंत्या, त्या दिशी तू त्या काठाला व्हतास. पानी कुठवर व्हतं, सांग ह्यांना."

भागीमावशी तोवर गेलेली होती. त्या दिवशी त्या काठावर उभं राहिलेलं माणूस म्हणजे आता मी एकटाच.

मी म्हणालो, "काळ्या धोंड्यापर्यंत."

काळा धोंडा जांभळीच्या मुळापासून किती खाली आहे, ते तुलाही ठाऊक आणि मलाही. लोक दमले होते, माझा खांदा ठणकत होता, ही सगळी कारणं मी नंतर स्वतःला देऊन पाहिली. ती खरी नव्हेत. खरं कारण असं की गावात तुझंच खरं व्हायला लागलं होतं. मोजायचं तुझ्या हाताने, ठरवायचं तुझ्या तोंडाने. एकदा, फक्त एकदा, माझं खरं व्हावं असं मला वाटलं. तेवढ्यासाठी मी तुझ्या पोराच्या दिवसाबद्दल खोटं बोललो. हे लिहिताना मला माझी लाज वाटते.

तू माझ्याकडे बघत राहिलास. मग म्हणालास, "अंत्या म्हनतो तर तितकंच आसंल." आणि काठी उचलून देवळात ठेवायला निघून गेलास.

त्यानंतर तू रोज दुकानात येत होतास. तसाच बसायचास, तसाच चहाला नावं ठेवायचास. रोज मी ठरवायचो, आज सांगतो. एकदा गिऱ्हाईक नव्हतं, बाहेर ऊन उतरलं होतं, तू कप खाली ठेवलास आणि विचारलंस, "आनी काय, अंत्या?" मी म्हणालो, "काय नाय. साखर संपत आली." तू मान हलवलीस. तो तू मला दिलेला वेळ होता, हे मला आता कळतंय. तेव्हा मला फक्त सुटल्यासारखं वाटलं.

मग शिमगा आला आणि मग तू गेलास. तुला पोचवायला आम्ही त्या खांबांशेजारूनच गेलो. सात हातांचे तीन खांब उघड्या माथ्यांनी उभे. मी तिरडीला खांदा दिला होता, मान वर करायची हिंमत झाली नाही.

गेल्या आठवड्यात देवळापुढे गावकी बसली. विषय एकच, माथ्याचे दगड बसवून मिरगाच्या आत फळ्या टाकायच्या. इस्माईलचाचाही येऊन बसले होते. मी उभा राहिलो आणि सांगितलं. पाणी काळ्या धोंड्यापर्यंत नव्हतं, जांभळीच्या मुळांवर होतं. मी खोटं बोललो. धाकूचं बरोबर होतं. सगळं बोललो, मत्सराचंही बोललो.

कोंडूतात्या अंगावर आले. "आता सांगतोस? इतकं दिवस तोंडात काय हाडूक अडाकलं व्हतं?" दुसरा म्हणाला, आता कोण पुन्हा दगड वाहणार. तिसरा म्हणाला, याला वाहायला लावा सगळे. मी म्हटलं, वाहतो. कोणी ऐकलं नाही.

तेवढ्यात बायकांच्या बाजूने जनीवहिनी उठल्या. तुझं तेरावं होऊन जेमतेम आठवडा; त्यांनी बाहेर पडायची ही वेळ नव्हे अशी कुजबुज आधीच चालली होती. त्यांनी त्या कुजबुजीकडे लक्ष दिलं नाही. "दावा," त्या मला म्हणाल्या. "बोलू नका. पानी कुठवर व्हतं ते जाऊन दावा, भावजी."

अख्खा गाव पऱ्यावर गेला. मी जांभळीखाली, त्या दिवशी जिथे उभा होतो त्याच जागी उभा राहिलो. चाचांनी मुळापासून खांबाकडे सुतळी ताणली, अर्धी भरलेली बाटली आडवी धरून पातळी बघितली आणि खांबाच्या माथ्यापासून सुतळीपर्यंत तुझी काठी लावली. एकदा. दोनदा. सुतळी काठीच्या टोकाला टेकली. बरोबर दोन हात.

चाचांनी काठी खाली टेकवली. मग बोलले. "माथ्याचा दगड मी पौषातच बसवनार व्हतो. धाकूनं बसवू दिला नाय. मी इचारलं, का रे? तर बोलला, थांबा चाचा, आमच्यातला एक मानूस बोलायचा ऱ्हायलाय."

मी वहिनींकडे पाहिलं. त्या पलीकडे बघत होत्या. "पानी उतारल्यावर त्यांनी जांभळीच्या मुळात वाहून आलेलं गवत अडाकलेलं बघितलं व्हतं," त्या म्हणाल्या.

"मग तवाच का नाय बोलला?" कोंडूतात्यांनी विचारलं.

"मी बी तेच इचारलं. म्हनाले, अंत्या सांगंल. त्याला सांगू दे."

धाकू, मी तिथे सगळ्यांसमोर लहान पोरासारखा रडलो. आणि रडताना मला तुझा भयंकर राग आला. अजून आहे. चारचौघांत मला खोटा पाडला असतास तर काय बिघडलं असतं? दोन दिवस अबोला धरला असता, तिसऱ्या दिवशी चहाला आलो असतो. वाट बघायला तुझ्याकडे इतका वेळ आहे, असं तुला कोणी सांगितलं होतं? तुझ्यासमोर उभं राहून जे म्हणायचं ते मला तुझ्या काठीसमोर म्हणावं लागलं. आणि तरीही, तू खांबाचे माथे उघडे ठेवलेस. मी बोलेन यावर तू तीन दगडी खांब अडवून धरलेस. एवढा भरवसा माझ्यावर माझ्या बापानेही ठेवला नव्हता. मी त्याला लायक नव्हतो, पण आता होणार आहे. मला दुसरा उपाय नाही.

चाचांनी डोळे पुसायला मला वेळ दिला आणि मग विचारलं, "अंतूशेठ, त्या दिशी पाय किती बुडालं व्हतं?" मी म्हटलं, घोट्यापर्यंत. खाली बसून दाखवलं. चार बोटं.

"मग दोन हात आनी वर चार बोटं," वहिनी म्हणाल्या.

"बोटं कुनाची धरायची?" कोंडूतात्यांनी विचारलं. फळ्यांच्या वेळचं भांडण त्यांच्या डोक्यात होतं.

"भावजींची. त्या दिशी पान्यात तेच व्हते." एवढं बोलून वहिनी पऱ्याच्या पात्रात उतरल्या, एक दगड उचलला आणि खांबाच्या बुडाशी आणून टाकला. मग कोणाला मागे फिरता आलं नाही. कोंडूतात्या तर बडबडत बडबडत सगळ्यांत मोठा दगड उचलायला गेले.

तेव्हापासून काम चालू आहे. घरटी एक माणूस रोज, माझ्या घरचे दोन, कारण दुकान मी आता दुपारनंतरच उघडतो. मिरगाला दोन महिने आहेत. खांब चढतील, काठाचे बांध चढतील, तुळया बसतील. मुंबईहून उन्हाळ्यात येणाऱ्यांना पत्रं टाकली आहेत की पत्ते कुटायला येऊ नका, खांदे घेऊन या. तुझ्या घरच्या दोन फळ्या वहिनी स्वतः आणून टाकणार आहेत, बरोबर मधोमध. आणि वरच्या वाडीतली सातही पोरं या वर्षी आषाढात शाळेत बसलेली मला हवी आहेत, त्यांतल्या एकाचंही नाव पटावरून गेलं तर मी मास्तरांना दुकानातला चहा बंद करीन. तू म्हणशील, ती शिक्षा की बक्षीस.

काल मधल्या खांबाचे दोन हात पुरे झाले. काठी लावून पाहिली, मग मी वर चढलो आणि तिच्या टोकावर माझी चार बोटं आडवी धरली. चाचांनी कोळशाने खूण केली. थर बसला की माथ्याचा दगड येईल. त्यासाठी आता कोणाची वाट बघायची नाही.

या आषाढात पाणी जांभळीला लागलं की मी साकवाच्या मध्यावर जाऊन उभा राहणार आहे, आणि पाय कोरडे राहिले तर तुझं खरं झालं असं मोठ्याने ओरडून सांगणार आहे, वरच्या काठाला ऐकू जाईल एवढ्याने. तू पडवीत बसून काय म्हणाला असतास तेही मला ठाऊक आहे.

"वरडतोस कशाला, अंत्या? आता चालत ये की."